घरचा धंदा आणि फोनचा डोळा

रत्नागिरीकडे शिलाई, मसाले, आंब्याच्या पेट्या असे कितीतरी धंदे घरातूनच चालतात. पूर्वी गिऱ्हाईक पडवीत बसे. माजघर घरच्यांचे राही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत शाळा आणि सौदे फोनवर आले व ही वेस पुसली गेली. एकाच फोनवर मुलाचा वर्ग आणि बापाची उधारीची वही! वर्गात मुलाने स्क्रीन दाखवली की गिऱ्हाइकांचे निरोपही सर्वांना दिसू शकतात.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पण घरचे दार आपणच लोटावयाचे असते.

व्यापारी बंधू-भगिनींनी भिंतीला पाठ लावून बोलावे, म्हणजे मागचे घर दिसत नाही. धंद्याचा नंबर वेगळा ठेवावा. फोटो फक्त मालाचा पाठवावा. काम संपताच कॅमेरा व माइक बंद करावा. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि हिशेब हीसुद्धा अमानतच आहे. ती सांभाळणाऱ्याचीच पत टिकते.