पितळेचं पातेलं आणि आजीचा प्रश्न

आमची मुलगी सात महिन्यांची झाली आणि तिचं वरचं खाणं सुरू झालं. बायकोने हौसेने पितळेचं नवं पातेलं मागवलं होतं. आजीने ते हातात घेतलं, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "याला कल्हई कुठंय?" नाही म्हटल्यावर तिने ते बाजूला सारलं. "लेकराचं यात काही करू नका."

रात्री तिने कारण सांगितलं. बाबांच्या आधी तिला एक मुलगा होता. तेव्हा ती जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावी होती, सुरत अजून लांब होतं. तिला दूध कमी म्हणून बाळ म्हशीच्या दुधावर वाढलं. दीड वर्षाचा झाला तेव्हा पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. 'यकृत वाढलंय' एवढंच कळलं. काही महिन्यांत तो गेला. घरचे म्हणाले, हिच्या दुधातच दोष. पुढे कित्येक वर्षांनी एका डॉक्टरांनी शेजारणीला बजावलं, पितळेत दूध तापवू नका. तेव्हापासून आजीच्या मनात एकच प्रश्न होता, "मग माझ्याच पातेल्यानं गेला का रे?"

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण शोधत गेलो आणि पुण्यापर्यंत पोहोचलो.

एक ते तीन वर्षांच्या मुलांना होणाऱ्या या आजाराला 'इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस' म्हणतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतात प्रचंड तांबं साठल्याचं पाहून आयांना साधी गोष्ट विचारली: दूध कशात तापवता, कशात ठेवता? 1983 मध्ये त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. पितळेत तांबं असतं. कल्हई नसली किंवा झिजली, की ते दुधात उतरतं आणि दुधातल्या प्रथिनाला चिकटतं. तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांबं जास्त असतं आणि ते पित्तातून बाहेर टाकण्याची ताकद कमी. आईच्या दुधात मात्र तांबं अगदी थोडं.

पण तांब्याने यकृत खराब होतं कसं? आतड्यातलं रक्त आधी यकृतात येतं. तिथे कुप्फर पेशी पहाऱ्याला असतात. ही आपली उपजत प्रतिकारशक्ती, कुणी न शिकवता काम करणारी पहिली फळी. तांब्याने यकृताच्या पेशी मरू लागल्या, की ही फळी धावून येते, पांढऱ्या पेशी जमतात, सूज येते. जखम भरण्यासाठी ही सूज हवीच. पण रोज दोन वेळा तेच दूध मिळत राहिलं तर ती थांबत नाही. भरून येण्याऐवजी व्रण साठत जातात आणि यकृत दगडासारखं होतं. घराला आग लागल्यावर बंब यावा, पण आग विझेचना म्हणून पाण्यानेच भिंती पडाव्यात, तसं.

सगळीच बाळं आजारी पडली नाहीत, त्यामुळे काहींच्या अंगात मूळची कमजोरीही असावी, असं मानतात. ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्येही असाच आजार होता. 1900 ते 1974 दरम्यान तिथे 138 मुलं दगावली. कल्हई नसलेली तांब्याची भांडी गेली आणि तो आजार थांबला. आपल्याकडेही स्टील आलं, आयांना माहिती मिळाली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. लवकर कळलेल्या मुलांना पेनिसिलामाइन या औषधाने वाचवताही आलं.

हे सगळं आजीला सांगितलं. म्हटलं, "काकांना हेच झालं होतं, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. पण तुझ्या दुधात दोष नव्हता. आणि पातेल्याचं तेव्हा डॉक्टरांनाही माहीत नव्हतं." ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांना हे कळायला हवं होतं."

मित्रांनो, तांब्या-पितळेची फॅशन पुन्हा आली आहे. भांडी जरूर मिरवा, पण बाळाचं दूध त्यात तापवू नका, ठेवू नका. सहा महिने फक्त आईचं दूध द्या. मुलाचं पोट फुगलं किंवा डोळे पिवळे दिसले, तर घरगुती उपाय न करता थेट डॉक्टरांकडे जा.

आमच्या पातेल्यात आता बाल्कनीतली तुळस आहे. पाणी आजीच घालते.