पावणेअकरा कोटींचं ओझं

खेळामागचं गणित : भाग ९

२०२४ च्या नोव्हेंबरात, २४ आणि २५ तारखेला, सौदी अरेबियातल्या जेद्दाह शहरात आयपीएलचा मोठा लिलाव झाला. त्यात आपल्या पालघर जिल्ह्यातल्या दोन पोरांची नावं होती. माहीमचा शार्दुल ठाकूर, मूळ किंमत दोन कोटी. विरारचा पृथ्वी शॉ, मूळ किंमत ७५ लाख. दहा संघांची माणसं समोर बसली होती आणि दोघांसाठीही कुणी पॅडल वर केलं नाही.

त्या आठवड्यात बोईसर स्टेशनबाहेर चहा घेताना मी दोघांबद्दल एकच शब्द ऐकला, ‘संपला.’ तो शब्द मला लागला. एखादा खेळाडू अपेक्षेला उतरला नाही असं आपण म्हणतो, तेव्हा ती अपेक्षा मुळात कुणाची असते आणि तिचा आकडा कोण ठरवतं? गेल्या भागात आपण संघांच्या खर्चमर्यादेचा हिशेब पाहिला. आज त्या हिशेबात सापडलेल्या माणसांकडे वळू.

या प्रश्नाचं जुनं आणि उघडं उदाहरण अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, मिळतं. तिथे नवखे खेळाडू लिलावाने येत नाहीत, ड्राफ्टने येतात. दरवर्षी संघ पाळीपाळीने एकेका तरुणाचं नाव घेतात. आदल्या हंगामात हरलेल्या संघांना आधी निवडायची संधी मिळते, म्हणजे दुबळ्यांना उभं राहता यावं. पण पहिला क्रमांक मिळावा म्हणून कुणी मुद्दाम हरू नये, यासाठी १९८५ पासून वरचे क्रमांक सोडतीने ठरतात. पहिल्या फेरीतल्या मुलाचा पगार त्याच्या क्रमांकावरून ठरतो आणि त्याची हमी असते. दुसऱ्या फेरीतल्याला अशी हमी नसते.

यातली मेख अशी, की हा क्रमांक आयुष्यभर नावाला चिकटतो. १९८४ साली पोर्टलंडच्या संघाने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी या उंच सेंटरला, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या खेळाडूला, घेतलं आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मायकेल जॉर्डन मिळाला. पोर्टलंडकडे जॉर्डनच्या जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आदल्याच वर्षी आला होता. त्यांना उणीव होती ती सेंटरची. म्हणजे निवडीमागे विचार होता. बोवीच्या नडगीचं हाड कॉलेजातच मोडलं होतं, त्यात त्याचे दोन हंगाम वाया गेले होते, आणि पुढेही त्याच्या पायांनी दगा दिला. तरी तो दहा हंगाम एनबीएत खेळला. आज त्याचं नाव निघतं ते फक्त ‘जॉर्डनच्या आधी घेतलेला’ म्हणून. जॉर्डन पुढे काय झाला, यात बोवीचा काय दोष?

२००७ साली त्याच पोर्टलंडने पहिल्या क्रमांकावर ग्रेग ओडनला घेतलं. दुसऱ्या क्रमांकावर केविन ड्युरंट गेला. ओडनच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पहिला अख्खा हंगाम तो एकही सामना खेळू शकला नाही. क्वामे ब्राउन २००१ साली शाळेतून थेट पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. असा तो पहिलाच. फसलेल्या निवडींच्या यादीत लोक त्याचं नाव हमखास घालतात, पण तोही बारा हंगाम टिकला. जगातल्या सर्वांत कठीण स्पर्धेत बारा वर्षं टिकलेल्या माणसाला ‘अपयशी’ म्हणायला मी तयार नाही. फसला तो अंदाज. आणि अंदाज बांधणारी माणसं वयाने मोठी, पगारी, अनुभवी होती. ज्याच्यावर तो बांधला तो पोरगा नुकता शाळेतून बाहेर पडला होता.

भारताला या ड्राफ्टची ओळख झाली ती २०१५ च्या जूनमध्ये. पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच उंचीचा सतनाम सिंग साठांपैकी ५२ व्या क्रमांकावर डॅलसने निवडला. भारतात जन्मून एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला. आपल्याकडे आनंदाला उधाण आलं, आणि त्या भरात ५२ या आकड्याचा अर्थ फारसा कुणी सांगितला नाही. तो दुसऱ्या फेरीचा शेवटाकडचा क्रमांक होता. तिथली बरीच मुलं मुख्य संघात पोचतच नाहीत. सतनाम डॅलसच्या खालच्या संघात, टेक्सास लेजंड्समध्ये, दोन हंगाम राहिला. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे उत्तेजक चाचणीत अडकून दोन वर्षांची बंदी आली आणि नंतर तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीकडे वळला. संघाने त्याच्यावर थोडीशीच आशा लावली होती. देशाने मात्र भलतीच मोठी लावली.

आता आपल्या गावाकडे येऊ.

बोईसरच्या तारापूर विद्यामंदिरकडून खेळताना शार्दुलने बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्ध असा खेळ केला, की त्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपल्याकडे मागितलं. रोहित शर्मा त्याच लाड सरांचा विद्यार्थी. पालघरहून रोजची ये-जा शाळकरी पोराला झेपणार नाही, म्हणून सरांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत त्याने एका षटकात सहा षटकार मारले. मुंबईकडून खेळायला लागल्यावरही गाडीचा प्रवास सुटला नाही. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून परतलेला हा भारतीय खेळाडू अंधेरीला लोकल पकडून पालघरला आला होता. डब्यातल्या लोकांना आधी खरंच वाटेना. या मार्गावर किटबॅग घेऊन चढायचं म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

२०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनला ६७ धावा आणि सामन्यात सात बळी. त्याच वर्षी ओव्हलला दोन्ही डावांत अर्धशतकं. चेन्नईकडून आयपीएलमध्ये २१ बळी आणि विजेतेपद. २०२२ च्या जानेवारीत जोहान्सबर्गला एका डावात ६१ धावांत सात बळी. आणि फेब्रुवारीत लिलाव झाला. दिल्लीने त्याला १० कोटी ७५ लाखांना घेतलं.

हा आकडा आला कुठून? त्या वर्षी एका संघाला सगळे खेळाडू मिळून ९० कोटींची मर्यादा होती. म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा एकट्या शार्दुलवर गेला. अकरा जणांत परदेशी चारच चालतात, त्यामुळे वेगवान गोलंदाजी करून खाली येऊन फटकेबाजी करू शकणारा भारतीय खेळाडू दुर्मीळ. अशा दुर्मीळ मालासाठी दोन-तीन संघ अडून बसले की भाव चढतच जातो. शेवटची बोली खेळाडूच्या कौशल्याचं मोजमाप नसते. हरलेल्या संघाची तयारी जिथे संपली, त्याच्या एक पायरी वरचा तो आकडा असतो. पण एकदा छापून आला की प्रेक्षक प्रत्येक चेंडूला त्याने भागतात.

दिल्लीकडून त्याने १५ बळी घेतले, पण धावा बऱ्याच दिल्या. मग त्याच किमतीत तो कोलकात्याकडे गेला. २०२३ च्या एप्रिलमध्ये ईडन गार्डन्सवर त्याने २९ चेंडूंत ६८ धावा कुटल्या, पण हंगामाअखेर ११ सामन्यांत बळी सातच होते. कोलकात्याने सोडला, चेन्नईने चार कोटींना घेतला, मग चेन्नईनेही सोडला.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. २०२३ च्या हंगामापासून आयपीएलमध्ये ‘इम्पॅक्ट प्लेयर’चा नियम आला. सामन्याच्या मधेच एक खेळाडू बदलता येऊ लागला. फलंदाजी करताना जास्तीचा फलंदाज, गोलंदाजी करताना जास्तीचा गोलंदाज. मग दोन्ही थोडंथोडं करणाऱ्याची गरज कुणाला उरली? ज्या दुर्मीळपणामुळे शार्दुलला पावणेअकरा कोटी मिळाले होते, तो दुर्मीळपणाच वर्षभरात कागदावर पुसला गेला. त्याची गोलंदाजी त्या काळात महाग पडली हे खरंच आहे. पण त्याच्या किमतीतली मोठी घसरण ज्या निर्णयामुळे झाली, तो त्याने घेतलेला नव्हता.

सातपाटीच्या बंदरावर पापलेटचा भाव वजनावर ठरतो, आणि एकदा तोलल्यावर त्या मासळीचं वजन काही बदलत नाही. माणसाचं बदलतं. जेद्दाहनंतरही शार्दुल रणजी खेळत राहिला. त्या हंगामात ३५ बळी आणि पाचशेवर धावा. जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईचे मोठमोठे फलंदाज कोसळले असताना एकाच सामन्यात ५१ आणि ११९. आयपीएलच्या वेळी रिकामं नको राहायला म्हणून त्याने एसेक्स काउंटीशी करारही करून ठेवला होता. मग लखनौचा मोहसिन खान जखमी झाला आणि त्याच्या जागी शार्दुलला दोन कोटींना बोलावणं आलं. २७ मार्च २०२५ ला हैदराबादच्या मैदानावर, यजमानांच्या त्या धाक वाटावा अशा फलंदाजीसमोर, त्याने अभिषेक शर्मा आणि ईशान किशन यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केलं आणि ३४ धावांत चार बळी घेतले. सामनावीर तोच. त्यानंतरच्या हंगामासाठी मुंबई इंडियन्सने त्याला दोन कोटींतच आपल्याकडे घेतलं.

लिलाव आणि ड्राफ्ट यांत मला हा मोठा फरक वाटतो. बोवीचा दुसरा क्रमांक कधीच बदलणार नाही. लिलावाचा आकडा बदलतो. तो निर्दयपणे खाली येतो, पण खाली आल्यावर माणसाला जरा मोकळा श्वास घेता येतो. दोन कोटींच्या शार्दुलने चार बळी घेतले की लोक टाळ्या वाजवतात. पावणेअकरा कोटींच्या शार्दुलने ते घेतले असते तर त्यांचा हिशेब मांडला असता.

पृथ्वीचं तसं नाही. त्याच्यावरचं ओझं पैशाचं कमी आणि भाकितांचं जास्त होतं. विरारहून वडिलांबरोबर लोकलने वांद्र्याला सरावाला जाणाऱ्या या पोराने २०१३ साली हॅरिस शिल्डमध्ये रिझवी स्प्रिंगफील्डकडून ५४६ धावा केल्या, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. त्याच दिवसांत सचिन निवृत्त झाला होता, आणि सगळ्या मुंबईने रिकामी झालेली जागा या मुलाच्या नावावर लिहून टाकली. २०१८ मध्ये त्याच्या कप्तानीत भारताने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला. दिल्लीने १ कोटी २० लाखांना घेतलं. ऑक्टोबरात राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४ धावा. पुढच्या वर्षी खोकल्याच्या औषधातल्या निषिद्ध घटकामुळे आठ महिन्यांची बंदी. २०२० च्या डिसेंबरात ॲडलेडला शून्य आणि चार, आणि तिथे त्याची कसोटी कारकीर्द पाच सामन्यांवर थांबली. तरी त्यानंतर त्याने एका विजय हजारे स्पर्धेत ८२७ धावा केल्या, आसामविरुद्ध रणजीत ३७९ केल्या. २०२४ च्या ऑक्टोबरात मात्र मुंबईने त्याला रणजी संघातून वगळलं. तंदुरुस्ती आणि शिस्त यांची चर्चा झाली, आणि ती सगळी खोटी होती असं मी म्हणणार नाही.

२०२५ साली तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला. रणजीतल्या पहिल्या डावात शून्यावर बाद. पुढच्याच सामन्यात चंडीगडविरुद्ध २२२, त्यात द्विशतक १४१ चेंडूंत. डिसेंबरात अबू धाबीला लिलाव झाला. पहिल्यांदा नाव पुकारलं तेव्हा पुन्हा कुणी हात वर केला नाही. नंतर, उरलेल्यांची नावं परत घेतली तेव्हा, दिल्लीने मूळ किमतीला, ७५ लाखांना, बोली लावली. अठराव्या वर्षी मिळाली होती त्याहून ही रक्कम ४५ लाखांनी कमी. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता.