न उघडलेलं स्टारगेट: एक ऑनलाइन गेम बाजारात येण्याआधीच कसा मेला?

(एपिसोडचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

पालीतूनच रेकॉर्ड करतोय, मध्येच लाईट गेली तर समजून घ्या.

आधी एक आठवण. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाईलवर बंदी आली. तरी ज्यांच्या फोनमध्ये गेम आधीच होता, त्यांचा चालू राहिला. मग 30 ऑक्टोबरला कंपनीनं भारतासाठी सर्व्हर बंद केले आणि खेळ खलास. फोन तोच, ॲप तेच, पण आत जाता येईना. कारण ऑनलाइन गेममध्ये आपल्या फोनवर असतात फक्त चित्रं आणि आवाज. कोण कुठं उभा आहे, कुणाला गोळी लागली, हे ठरतं सर्व्हरवर.

पबजी निदान खेळायला तरी मिळाला. आजची गोष्ट आहे 'स्टारगेट वर्ल्ड्स'ची, जो कधी आलाच नाही.

'स्टारगेट' हा 1994 चा सिनेमा. दगडी-धातूचं एक मोठं वर्तुळ, त्यातून पाऊल टाकलं की थेट दुसऱ्या ग्रहावर. त्यावरून 'एसजी-1' ही मालिका निघाली. 1997 ते 2007, दहा सीझन, 214 भाग. हक्क एमजीएम या स्टुडिओकडे. 2004 मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' प्रचंड चालला आणि सगळ्यांनाच तसा गेम हवा झाला. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, मेसा शहरात, शायेन माउंटन एंटरटेनमेंट नावाची कंपनी होती. तिनं एमजीएमकडून लायसन्स घेतलं आणि 2006 मध्ये 'स्टारगेट वर्ल्ड्स' जाहीर केला.

आता लायसन्स म्हणजे काय? आपल्याकडे दुसऱ्याचं रान ठोक्यानं करतात ना, तसंच. नांगरट, बियाणं, खत आपलं, जमीन त्याची. मुदत संपली की जमीन त्याच्याकडे परत, पीक निघालं असो वा नसो.

आणि हे पीक फार महागडं. का, ते सांगतो. एका मैदानात 10 खेळाडू आहेत. प्रत्येकाची हालचाल बाकीच्या 9 जणांना कळवायची, म्हणजे 90 निरोप. खेळाडू 100 झाले की 9,900. आणि हे दर सेकंदाला कितीतरी वेळा! खेळाडू दहापट, निरोप शंभरपटीच्या वर. म्हणून सर्व्हर प्रत्येकाला फक्त जवळपासच्या लोकांचीच खबर देतो आणि मोठं जग अनेक मशीनवर वाटून टाकतो. हे स्वतः लिहायला वर्षं जातात. शायेननं त्यासाठी बिगवर्ल्ड नावाचं तयार ऑस्ट्रेलियन तंत्रज्ञान घेतलं आणि चित्रांसाठी अनरियल इंजिन 3. निवड ठीकच होती. पण इंजिन विकत मिळतं, ग्रह नाही मिळत. प्रत्येक ग्रह, प्रत्येक कामगिरी माणसांनी बसून बनवायची. आणि अर्धा ग्रह दाखवून कुणी दर महिन्याला पैसे देत नाही. म्हणजे उत्पन्न सुरू होण्याआधी बरीच वर्षं नुसता खर्च.

ऑक्टोबर 2008 मध्ये निवडक लोकांसाठी बीटा चाचणी सुरू झाली. नेमकं तेव्हाच जागतिक मंदी. नवे गुंतवणूकदार मिळेनात आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले.

इथे मी थोडा थांबतो. माझ्या पहिल्या नोकरीत, नाव नको, दोन महिने पगार झाला नव्हता. घरचे विचारायचे, "अरे, मग सोडत का नाहीस?" सोडली की थकलेलं बुडेल, ही एक भीती. आणि दुसरी जास्त वाईट: आपण सोडलं तर प्रॉडक्ट येणार नाही, आणि प्रॉडक्ट आलं नाही तर कुणालाच पैसे मिळणार नाहीत. आपल्या बीडचा ऊसतोड कामगार उचल घेतो म्हणून मुकादमाला बांधलेला असतो. आमचं उलटं, घेणं बाकी होतं म्हणून बांधलेलो. गाठ सारखीच. तिसऱ्या महिन्यात मी सोडली. एका महिन्याचे पैसे आजही आलेले नाहीत.

परत मेसाला. कंपनीनं शेवटचा डाव टाकला. मोठं जग बाजूला ठेवून त्याच कथेवर एक छोटा गोळीबाराचा गेम काढला, 'स्टारगेट रेझिस्टन्स'. थोडे खेळाडू, छोटे नकाशे, म्हणजे निरोपही कमी. तो 10 फेब्रुवारी 2010 ला आला. त्याच महिन्यात कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. नोव्हेंबरमध्ये खुद्द एमजीएमनंही केला. रानाचा मालकही बुडाला! 15 जानेवारी 2011 ला 'रेझिस्टन्स'चे सर्व्हरही बंद झाले.

सगळ्यांचं असंच होतं का? नाही. 'स्टार ट्रेक ऑनलाइन' आधी पर्पेच्युअल नावाची कंपनी बनवत होती. तीही बुडाली. 2008 मध्ये लायसन्स क्रिप्टिककडे गेलं. आधीचा कोड त्यांना मिळाला नाही, पण त्यांच्याकडे स्वतःचं इंजिन तयार होतं. 2 फेब्रुवारी 2010 ला गेम आला. 'रेझिस्टन्स'च्या आठच दिवस आधी.

म्हणजे लायसन्स, सर्व्हर आणि पगार, तिन्ही एकाच वेळी जिवंत लागतात. एक गेलं की बाकीच्या दोघांचा उपयोग नाही. कोड कुठल्यातरी हार्डडिस्कवर पडून असेलही, पण त्या नावानं तो चालवायचा हक्क कुणाकडेच नाही.

आपल्या श्रोत्यांपैकी बरेच जण पुण्यात गेमिंग कंपन्यांत मुलाखती देतायत. मुलाखतीत इंजिन कुठलं ते विचारताच. पुढच्या वेळी हेही विचारा: लायसन्स कधीपर्यंत आहे, आणि पैसे किती महिने पुरतील? उत्तर टाळलं, तर तेच उत्तर समजा. आणि पगार थकला तर "पुढच्या महिन्यात नक्की" हे तोंडी ऐकू नका, मेलवर लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं.

भेटू पुढच्या भागात.