कुष्ठरोगावरील औषध : डॅप्सोन

ज्या रोगाचें नांव निघतांच आजही पुष्कळ घरांत माणसें आवाज लहान करतात, त्या कुष्ठरोगावर खात्रीचा उपाय आहे, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावी. आमच्या द्वारकेच्या चौकांत मुंबई-आग्रा रस्ता व पुण्याचा रस्ता मिळतात. तेथून रोज जाणाऱ्या असंख्य माणसांपैकीं एखाद्याच्या सदऱ्याखालीं फिकट, बधिर चट्टा लाजेनें झांकलेला असूं शकेल. हा लेख अशा माणसाच्या शेजाऱ्यांसाठीं आहे.

१८७३ सालीं नॉर्वेमध्यें डॉ. हॅन्सन यांनीं या रोगाचे जंतू पाहिले. हा रोग पापाचें फळ नसून इतर सांसर्गिक रोगांसारखाच एक आहे, हें त्यावरून कळूं लागलें. औषध मात्र नव्हतें. कडूकवठीच्या बियांचें तेल रोग्यांस टोचीत. त्यानें वेदना फार होत व गुण थोडा येई. डॅप्सोन हा पदार्थ जर्मनींत १९०८ सालींच तयार झाला होता. पण त्याचा गुण कोणास ठाऊक नव्हता. १९४१ सालीं अमेरिकेंत कारव्हिल येथें डॉ. फॅजे यांनीं त्याच कुळांतील प्रोमिन हें औषध टोचून पाहिलें, व रोग्यांच्या जुन्या जखमा भरूं लागल्या. पुढें खुद्द डॅप्सोनची स्वस्त गोळी प्रचारांत आली.

ही गोळी काय करते? जंतूस वाढीसाठीं फॉलिक आम्ल लागतें व तें तो स्वतःच बनवितो. डॅप्सोन त्यांतील कच्च्या मालासारखाच दिसतो. जंतूचें पाचक द्रव्य फसून त्यालाच धरून बसतें, आणि काम थांबतें. मनुष्यास हें जीवनसत्त्व पालेभाज्या व डाळींतून मिळतें. म्हणून जंतूची उपासमार होते, आपली होत नाहीं. मात्र हा जंतू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन होण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. म्हणून उपचारही दीर्घकाळ चालतो.

आपल्या महाराष्ट्रांत या गोळीचा मोठा प्रयोग वर्ध्यास झाला. १९५१ सालीं तेथें गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालें. डॉ. वार्देकर यांनीं घरोघर तपासणी, लोकशिक्षण व गांवींच औषधोपचार अशी पद्धति घातली. रोग्यास घरादारापासून तोडण्याचें कारण उरलें नाहीं.

परंतु एकट्या डॅप्सोनवर वर्षानुवर्षें विसंबल्यानें, व पुष्कळांनीं गोळ्या मध्येंच सोडल्यानें, कांहीं जंतू त्यास दाद देईनासे झाले. १९६४ सालीं मलायांत हें सिद्ध झालें. तेव्हां १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं डॅप्सोनच्या जोडीस रिफॅम्पिसिन व क्लोफाझिमिन देण्याचा सल्ला दिला. हा संयुक्त उपचार देशांत ज्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला, त्यांतही वर्धा होता. आज रोगाच्या प्रमाणाप्रमाणें सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पुरा होतो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग्यापासून संसर्गाचें भय राहत नाहीं.

डॅप्सोन निर्दोष नाहीं. त्यानें रक्तांतील तांबड्या पेशी फुटून पांडुरोग होऊं शकतो; ज्यांच्या रक्तांत जी-सिक्स-पी-डी हें द्रव्य जन्मतः कमी असतें, त्यांस विशेष धोका असतो. ताप येऊन अंगावर पुरळ उठल्यास वैद्याकडे तत्काळ जावें. वैद्याच्या सल्ल्याशिवाय ही गोळी घेऊं नये व सोडूंही नये.

पालकांस विनंति इतकीच कीं, मुलाच्या अंगावरील चट्ट्यास स्पर्श कळत नसेल, तर तो लपवूं नका. सरकारी दवाखान्यांत हीं औषधें फुकट मिळतात. उशीर झाल्यास जंतू मरतात, पण मेलेली मज्जा व वांकडीं झालेलीं बोटें औषधानें परत येत नाहींत. आणि विद्यार्थिमित्रहो, रोगमुक्त झालेला मनुष्य आपल्या बांकावर येऊन बसला, तर सरकून त्यास जागा करून द्या.