तार शाबूत, तरी दिवा मंद

साठीला आलेल्या एखाद्या एमजीबी स्पोर्ट्स कारचा ब्रेक दाबला की कधीकधी भलताच प्रकार दिसतो. मागचा ब्रेक लाइट नुसता मिणमिणतो आणि साइड लाइटच्या स्विचला कोणी हात लावलेला नसताना पुढचे साइड लाइट पुसटसे उजळतात. बघणाऱ्याला वाटतं, कुठेतरी दोन तारा एकमेकींना चिकटल्या, शॉर्ट झालं. मग डॅशबोर्ड खोलला जातो, वायरिंगचा जुडगा उसवला जातो आणि धडधाकट तारा विनाकारण कापल्या जातात. प्रत्यक्षात मागच्या दिव्याचं अर्थिंग गेलेलं असतं, एवढंच.

मोटारीतल्या बहुतेक दिव्यांकडे बॅटरीकडून एकच तार जाते. प्रवाहाच्या परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. एमजीबीच्या मागच्या दिव्यात ब्रेक आणि टेल ही दोन फिलामेंट एकाच बल्बमध्ये बसवलेली असतात आणि दोघांची परतीची वाटही सामाईक असते. गंज चढून ती बंद झाली, की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला प्रवाह टेलच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, साइड लाइटच्या तारेने पुढे जातो आणि पुढच्या दिव्यांच्या चांगल्या अर्थिंगमधून पत्र्याला मिळतो. हे सगळे दिवे आता एकापुढे एक जोडले गेल्यासारखे होतात, १२ व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात आणि एकाच्याही वाट्याला पुरेसे येत नाहीत. दिव्याचा स्क्रू काढून बूड पॉलिश पेपरने लख्ख घासलं आणि दातेरी वॉशर घालून पुन्हा आवळलं, तर दहा मिनिटांत काम होतं.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ५ लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या. त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांसारखंच तिचंही विजेचं सामान बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचं. या कंपनीला पुढे ‘अंधाराचा राजपुत्र’ हे नाव चिकटलं. मला ते अन्यायाचं वाटतं. काही भाग कच्चे होते हे खरं, पण आज या गाड्यांत जे दोष सापडतात त्यातले पुष्कळसे पन्नास-साठ वर्षांच्या दमट हवेने केलेले आहेत. मुंबईत किंवा कोकण किनाऱ्यावर जुनी गाडी जपणाऱ्यांना खारी हवा पितळेचं काय करते हे सांगायला नको.

तारेतलं तांबं सहसा टिकतं. बिघडतात ते सांधे. एमजीबीत तारांच्या टोकांना पितळी बुलेट असतात आणि त्या रबरी आवरणाच्या धातूच्या नळीत दाबून बसवलेल्या असतात. दोन धातू डोळ्यांना पूर्ण टेकलेले दिसले, तरी त्यांचा खरा स्पर्श काही सूक्ष्म उंचवट्यांपुरताच असतो. नळीची पकड सैल झाली की ओल आत शिरते, हिरवट कीट चढतं आणि ते उंचवटे एकेक करून निकामी होतात. तांब्याचं ऑक्साइड धातूसारखं प्रवाह वाहत नाही. त्यामुळे रोध वाढतो, रोधामुळे सांधा तापतो, तापल्यामुळे पकड आणखी सैल होते आणि ऑक्साइड आणखी वाढतं.

हेडलाइटचं उदाहरण घेऊ. ५० वॉटचे दोन दिवे मिळून सुमारे ८ अँपिअर प्रवाह घेतात. वाटेतल्या एका सामाईक सांध्यात फक्त ०.१५ ओहम रोध आला, तर तिथेच १.२ व्होल्ट खर्ची पडतात. हा झाला एक दशांश. पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने घटतो, म्हणून उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. गेलेली वीज त्या बोटभर सांध्यात उष्णता होऊन बसते, तीही नऊ-साडेनऊ वॉट. रात्री हेडलाइट थोडा वेळ लावून, मग बंद करून सांध्यांवरून बोट फिरवलं तर दोषी सांधा कोमट लागतो.

इथे मल्टिमीटर फसवतो. किंवा तो चुकीच्या वेळी वापरला जातो. तार सुटी करून ओहमच्या रेंजवर तपासली तर मीटर शून्याजवळ दाखवतो, कारण त्याच्या इवल्याशा प्रवाहाला तारेचा एक शाबूत धागाही पुरतो. नळाच्या पाइपमध्ये चोंदा असला तरी तोटी बंद असताना दाब पूर्ण भरतो, तोटी सोडली की धार बारीक होते. तसंच हे आहे. म्हणून मोजायचं ते काम चालू असताना, प्रवाह वाहत असताना.

सेल्फ घ्या. इंजिन फिरवताना तो दीडशे अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचतो. तेव्हा ०.०१ ओहमचा सांधासुद्धा दीड व्होल्ट खातो, आणि साध्या मीटरच्या दोन वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. त्यामुळे ओहम मोजायच्या भानगडीत पडायचं नाही. इग्निशन कॉइलची तार काढून ठेवायची, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर व्होल्टवर लावायचा, एक टोक बॅटरीच्या अर्थच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर. दुसऱ्याने सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर परतीच्या वाटेत दोष आहे. मग एकेक टप्पा मोजायचा: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते पत्रा, पत्रा ते इंजिन. वाटेत खर्च झालेल्या व्होल्टची बेरीज जुळलीच पाहिजे, हा भौतिकशास्त्रज्ञ किरखॉफचा १८४५चा नियम. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो, तिथे पाना लावायचा.

एमजीबीत शेवटच्या टप्प्याला विशेष महत्त्व आहे. इंजिन रबरी पायांवर बसलेलं असल्याने पत्र्याशी त्याचा खात्रीचा संबंध फक्त एका विणलेल्या पट्टीतून येतो. ती तुटली तर सेल्फचा प्रवाह चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल गरम होऊन धुरकटते, आणि माणूस बिचारी केबल बदलत बसतो. जुन्या मॉडेलांत सीटच्या मागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यांच्यातली जोडकेबलही हाच ताप देते.

फ्यूज बदलताना आकडा नीट वाचावा. लुकासच्या जुन्या फ्यूजवर लिहिलेले ३५ अँपिअर म्हणजे तो ज्या प्रवाहाला उडतो तो आकडा. सतत वाहायचा प्रवाह सुमारे १७ अँपिअरच. बाजारातल्या आजच्या ३५च्या फ्यूजवर मात्र सतत वाहणारा आकडा असतो. तो बसवला तर फ्यूजच्या आधी तार जळेल. तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थची. हे चार रंग पाठ असले की नकाशाशिवाय बराच पल्ला गाठता येतो. दुसरी खबरदारी ध्रुवांची. १९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा धन ध्रुव पत्र्याला जोडलेला असे. त्यानंतर डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि ऋण ध्रुव पत्र्याला गेला. बॅटरी उलटी जोडली तर अल्टरनेटरमधले डायोड क्षणात जातात.

हेडलाइटचा सगळा प्रवाह डॅशच्या स्विचमधून आणि डिपरमधून फिरून जातो, आणि या गाडीत त्या वाटेवर मुळात फ्यूजच नाही. सगळे सांधे साफ करूनही उजेड कमी वाटला, तर दोन रिले आणि त्यांचे फ्यूज बसवावेत. दिव्यांचा प्रवाह मग जवळच्या तपकिरी तारेवरून जाड, आखूड तारेने थेट मिळतो. जुन्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता, पाव अँपिअरच्या आतबाहेरचा प्रवाह वाहतो. मूळ वायरिंग कापावं लागत नाही, आणि आता सहज न मिळणारा तो स्विचही वाचतो.