टूविक्सचा खटला

वेताळाने विक्रमराजाला घातलेली अट आपल्यापैकी बहुतेकांना बालपणापासून ठाऊक असते. उत्तर माहीत असूनही राजाने मौन धरले, तर त्याच्या मस्तकाची शकले व्हावयाची. आणि उत्तर दिले, तर मौनभंग झाला म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळावयाचा. या पंचवीस कथांत एक कथा अशी आहे की, देवीच्या कृपेने मृतांना जिवंत करण्याच्या घाईत एका स्त्रीच्या हातून पती आणि बंधू यांची मस्तके परस्परांच्या धडांवर बसतात, आणि आता हिचा पती कोण, असे वेताळ विचारतो. मस्तक हेच सर्व गात्रांत श्रेष्ठ, असा निवाडा राजा देतो. परंतु ऐकणाऱ्याचे मन त्या निवाड्याने शांत होत नाही. माणूस म्हणजे देह की स्मृती, आणि दोन माणसे एकमेकांत मिसळली तर उरते ते कोण, हा तोच जुना प्रश्न १९९६ साली अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर निराळ्या वेषात अवतरला, आणि त्यावरून प्रेक्षकांत जुंपलेला वाद जवळजवळ तीस वर्षे लोटली तरी मिटलेला नाही.

‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानकथांची मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि तिच्या वंशवृक्षाला पुढे अनेक शाखा फुटल्या. जानेवारी १९९५ मध्ये आरंभ झालेली ‘व्हॉयेजर’ ही त्यांतील एक. पृथ्वीपासून ७०,००० प्रकाशवर्षे दूर, आकाशगंगेच्या अनोळखी प्रदेशात फेकले गेलेले एक अवकाशयान आणि त्यावरील सुमारे दीडशे माणसे यांच्या परतीच्या प्रवासाची ही कथा. यान कमाल वेगाने धावले तरी या प्रवासाला ७५ वर्षे लागावयाची. यानाची कप्तान कॅथरीन जेनवे ही असून केट मलग्रू या अभिनेत्रीने ती भूमिका साकारली आहे. ‘स्टार ट्रेक’च्या कोणत्याही मालिकेत स्त्री-कप्तान केंद्रस्थानी येण्याचा हा पहिलाच प्रसंग. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवावयाचे ते एवढेच की, या यानापर्यंत वरिष्ठांचा हुकूम पोहोचत नाही, मसलतीला कायदेपंडित नाही आणि कप्तानाच्या फैसल्यावर दाद मागावी असे न्यायासनही नाही.

या विश्वात माणसे यानातून ग्रहावर जातात ती ‘ट्रान्सपोर्टर’ नावाच्या यंत्राने. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरल्याचे दृश्य चित्रित करणे मूळच्या निर्मात्यांना परवडणारे नव्हते. सबब माणसाचे कण सुटे करून ते दुसऱ्या ठिकाणी पुन्हा जुळविणारे हे यंत्र त्यांनी कल्पिले. खर्चात काटकसर करण्यासाठी काढलेल्या या युक्तीने लेखकांच्या हाती मात्र मोठे तत्त्वज्ञान दिले. १९६६ च्या ऑक्टोबरातच ‘द एनिमी विदिन’ या भागात या यंत्राने मूळ मालिकेतील कप्तान कर्क याचे दोन विरुद्ध स्वभावांचे पुरुष केले होते. तीस वर्षांनी, ६ मे १९९६ रोजी, ‘व्हॉयेजर’च्या दुसऱ्या पर्वातील ‘टूविक्स’ या भागात त्याच्या उलट घडले.

टूवॉक हा यानाचा संरक्षण-अधिकारी, विकारांना आवरून केवळ तर्काने चालणाऱ्या वल्कन जातीचा. नीलिक्स हा आचारी, बोलका, मायाळू, सर्वांच्या सुखदुःखात नाक खुपसणारा, आणि म्हणूनच टूवॉकला असह्य. हे दोघे एका ग्रहावर वनस्पती गोळा करून परत येत असता, त्यांच्यासोबतच्या एका ऑर्किडच्या विलक्षण गुणधर्मामुळे, यंत्राच्या चौथऱ्यावर दोघांऐवजी एकच पुरुष प्रकट होतो. दोघांच्याही स्मृती त्याला आहेत. एकाचा विवेक आणि दुसऱ्याची ऊब त्याच्या ठायी एकत्र नांदत आहेत. आणि दोन नावे जोडून तो स्वतःला ‘टूविक्स’ म्हणवितो. टॉम राइट या नटाने हा पुरुष असा उभा केला आहे की, आरंभी परका वाटणारा तो थोड्याच वेळात आपल्याही ओळखीचा होतो. काही आठवडे लोटतात. तो संरक्षण-अधिकाऱ्याचे काम उत्तम करतो, मुदपाकखानाही सांभाळतो, आणि यानावरील माणसे त्याला आपला मानू लागतात. केवळ केस् नावाची तरुणी, जिचा प्रियकर नीलिक्स आणि गुरू टूवॉक, ती दोघांच्या विरहाने झुरत राहते.

अशा वेळी यानाच्या वैद्याला त्या दोघांना विलग करण्याचा उपाय सापडतो. विलग झाले की टूविक्स उरणार नाही. तो नकार देतो. मला जगावयाचे आहे, असे स्पष्ट सांगतो. केस् रडत कप्तानाकडे येते. टूविक्सचा काही अपराध नाही हे ती जाणते, तरीही तिला नीलिक्स परत हवा असतो. जेनवे विचाराअंती विलगीकरणाचा हुकूम देते. यानाच्या नियंत्रणकक्षात टूविक्स एकेकाच्या तोंडाकडे पाहत जिवाची भीक मागतो, आणि कोणीही काही बोलत नाही. अखेर त्या सर्वांना क्षमा करून तो रक्षकांसोबत निघतो. वैद्य हा देहधारी मनुष्यही नव्हे, प्रकाशाने घडविलेली, संगणकावर चालणारी एक प्रतिमा. परंतु कोणाला इजा करणार नाही या आपल्या प्रतिज्ञेला स्मरून तो हे कृत्य करण्यास नकार देतो. जेनवे स्वतः पुढे होऊन यंत्राची कळ फिरविते.

येथून वाद सुरू होतो. जेनवेची कैफियत मांडणारे प्रेक्षक प्रथम हे विचारतात की, त्या नियंत्रणकक्षात टूवॉक आणि नीलिक्स यांचे वकीलपत्र कोणी घेतले होते? टूवॉकला वल्कन ग्रहावर पत्नी आहे, चार अपत्ये आहेत. एकत्र होण्यास त्या दोघांनी कधीही संमती दिलेली नव्हती. टूविक्सला बोलण्याला मुख होते, त्यांना नव्हते, म्हणून त्यांचा हक्क बुडावा काय? अपघात घडताक्षणीच उपाय सापडला असता तर कोणीही क्षणभर घोटाळले नसते. मग उपाय सापडण्यास काही आठवडे लागले, एवढ्यावरून दोन माणसांचे मरण कायम करावयाचे काय? आपल्या प्रत्येक माणसाला घरी पोहोचविण्याचे वचन दिलेल्या कप्तानाने दुसरे काय करावे? हा युक्तिवाद हलका नाही, आणि त्या चार अपत्यांचा विचार मनात आला की भल्याभल्यांचा निश्चय डळमळतो.

टूविक्सची बाजू घेणारे म्हणतात की, संख्येच्या तराजूत प्राण तोलू लागल्यावर त्याला शेवट नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फुट यांनी १९६७ साली एक कूट मांडले: आवरता न येणारी गाडी पाच माणसांवर चालली आहे, ती दुसऱ्या रुळावर वळविली तर एकच मरेल; वळवावी काय? पुष्कळ लोक होय म्हणतात. परंतु पाच रोग्यांना अवयव मिळावेत म्हणून निरोगी माणसाला कापावे काय, असे विचारताच तेच लोक मागे सरतात. ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी या भेदाची पुढे सूक्ष्म चिकित्सा केली. टूविक्सचे कैवारी सांगतात की जेनवेने गाडी वळविली नाही, तर शस्त्र हाती घेतले. नकार देणाऱ्या निरपराध मनुष्याला धरून आणून त्याच्या देहातून दोघांचे प्राण काढले. अपघात हा त्याचा जन्म होता; कोणाच्या जन्मातील अपघाताचा जाब त्या जिवाला विचारावयाचा नसतो.

तिसराही एक पक्ष आहे. १९९३ च्या ‘सेकंड चान्सेस’ या, दुसऱ्या एका शाखेतील भागात याच यंत्राने रायकर नावाच्या अधिकाऱ्याची दुसरी प्रत निर्माण केली होती. मग टूविक्सचीही प्रत करून एक ठेवावी, एक विलग करावी, असे हे चतुर लोक सुचवितात. त्यांच्या कल्पकतेचे कौतुक वाटते. परंतु विलग करावयाची ती प्रतही जगू इच्छीलच, आणि प्रश्न पुन्हा तेथेच येऊन उभा राहील.

वास्तविक निसर्गाने हा प्रश्न आपल्या पद्धतीने फार पूर्वी सोडविला आहे. या भागात ऑर्किडचा जो गुणधर्म सांगितला आहे त्याला ‘सिम्बायोजेनेसिस’, म्हणजे सहजीवनातून नव्या जीवाची उत्पत्ती, असे म्हणतात. आणि ही कल्पना विज्ञानात खरोखर आहे. आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल हे शैवाक होय, आणि शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. त्याहून आश्चर्याची गोष्ट आपल्याच देहात आहे. आपल्या पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, या एके काळी स्वतंत्रपणे जगणाऱ्या जीवाणूंच्या वंशज आहेत. लिन मार्ग्युलिस या अमेरिकन शास्त्रज्ञ स्त्रीने हे मत १९६७ साली पुढे मांडले, आणि आरंभीच्या विरोधानंतर ते आज सर्वमान्य झाले आहे. आता या दोघांना वेगळे करून मूळ मालकाला आपला हिस्सा परत द्यावा असे कोणी म्हणू लागला, तर आपल्यापैकी एकही जिवंत उरणार नाही. टूविक्सचा आक्रोश मला नेहमी या आठवणीने अधिक खोल ऐकू येतो. कारण मिश्रणातून जन्मलेला तो एकटाच नाही.

त्या काळच्या मालिकांच्या रचनेत टूविक्सचा मृत्यू अटळ होता, हे मान्य केले पाहिजे. टूवॉक आणि नीलिक्स साकारणारे टिम रस आणि ईथन फिलिप्स हे मालिकेचे कायमचे नट. प्रत्येक भागाच्या अखेरीस सर्व काही पूर्ववत् व्हावे, अशी दूरचित्रवाणीची तेव्हाची रीत. लेखकांनी मात्र या सक्तीतही सोपा मार्ग घेतला नाही. टूविक्स आजारी पडून मेला असता, किंवा स्वखुशीने त्याग करता झाला असता, तर प्रेक्षक डोळे पुसून झोपी गेले असते आणि आज कोणाला त्याचे नावही आठवले नसते. त्यांनी त्याला जगण्याची इच्छा दिली, आणि मग त्याला मारण्याचा दोष नायिकेच्या माथी ठेवला. उणीव राहिली ती पुढे. पुढच्या आठवड्यात यान नव्या संकटाला सामोरे गेले, आणि टूविक्ससाठी शोकाचा एक दिवसही पाळला गेला नाही. २०२३ मध्ये ‘लोअर डेक्स’ या ॲनिमेशन-मालिकेने आपल्या चौथ्या पर्वाच्या पहिल्याच भागात हा अपघात विनोदाच्या अंगाने पुन्हा घडविला, तेव्हा जुन्या प्रेक्षकांना संदर्भ समजावून सांगण्याची गरज पडली नाही, यावरूनच ती जखम किती ताजी होती हे ध्यानी यावे.

माझे मत विचाराल, तर जेनवेचा निवाडा मला मान्य करता येत नाही. जो समोर उभा राहून जगू द्या म्हणतो, त्याचा प्राण घेण्याचा अधिकार कोणत्याही कप्तानाला नसावा. तरीही वैद्याने नकार दिल्यावर तिने दुसऱ्या कोणाला हुकूम केला नाही, कळ स्वतः फिरविली, आणि नंतर त्या लांब मार्गिकेतून एकटी चालत गेली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेश नव्हता, याची नोंद मी आदराने करतो. ज्यांच्याविषयी आदरही वाटत नाही ते बाकीचे, त्या कक्षात खाली माना घालून उभे राहिलेले. त्यांच्यापैकी एकाने तरी, जेनवेच्या बाजूने का होईना, तोंड उघडावयास हवे होते.

ते काम प्रेक्षकांनी केले. कोणी कप्तानाला खुनी म्हणाले, कोणी तिची पाठराखण केली, मैत्रीत वितुष्ट आले, वर्षानुवर्षे तेच मुद्दे त्याच आवेशाने मांडले गेले. आणि हा बखेडा पाहून एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी कशाला भांडावे, असे शहाणी माणसे म्हणत राहिली. मला हे भांडण क्षुल्लक वाटत नाही. त्या नियंत्रणकक्षात ज्याच्यासाठी एकही शब्द उच्चारला गेला नाही, त्याच्यासाठी हे लोक बोलले, आणि ज्या दोघांना तेव्हा बोलताच येत नव्हते त्यांच्यासाठीही बोलले. उत्तर देताच वेताळ पुन्हा झाडावर जातो हे विक्रमाला ठाऊक होते, तरी तो दरवेळी बोलला आणि दरवेळी ते ओझे उचलण्यासाठी स्मशानाकडे परत वळला. टूविक्सचे तर प्रेतही मागे उरले नाही. पण इतकी वर्षे त्याला खांद्यावरून खाली ठेवण्यास हे प्रेक्षक राजी झालेले नाहीत.