पाणी न पिणाऱ्या कागदावर खळ का धरत नाही? द्राक्षांच्या बॉक्समागचं टेक्निक

फोनच्या काचेवर बोटांचे डाग न धरणारा थर असतो. साधा स्टिकर त्यावर नीट बसत नाही. बॉक्सच्या कारखान्यातही हाच घोळ होतो.

तासगावची द्राक्षं असोत की २०१० साली जीआय मानांकन मिळालेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, माल पुठ्ठ्याच्या बॉक्समधूनच लांब जातो. कोल्ड स्टोरेजमधून बाहेर काढला की बॉक्सला घाम सुटतो. थर सुटले तर खालचे बॉक्स दबतात आणि शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत चेंगरते. म्हणून पाणीरोधक कागद वापरतात. पण मग खळ धरत नाही!

नेमकं होतं काय?

पुठ्ठ्यात मधे नागमोडी फ्लूट आणि बाहेरून सपाट लायनर असतो. दोन्ही जोडते मक्याच्या स्टार्चची खळ. तिच्यात कॉस्टिक सोडा आणि बोरॅक्सही असतं. खळीतलं पाणी कागदात मुरायला हवं आणि उष्णतेने स्टार्च फुलायला हवा. कागद पाणीच पीत नसेल, तर खळ वरच तरंगते.

दोष कसा ओळखायचा?

थर सोलून बघा. फोनचा टॉर्च तिरका धरा.

- कागदाचे तंतू फाटले: जोड पक्का.
- चकचकीत पापुद्रा, तंतू नाहीत: खळ मुरलीच नाही.
- पांढरी भुकटी: स्टार्च नीट फुलला नाही.
- खळीची रेघ दिसत नसेल तर आयोडीन लावा. स्टार्च असेल तिथे निळं-काळं होतं.

उपाय काय?

१. कागदाची कोब टेस्ट करा. ठरावीक वेळात एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम पाणी पितो, ते त्यातून कळतं.
२. एकाच बाजूला थर असेल, तर ती बाजू बाहेर ठेवा.
३. खळीत पाणी कमी, स्टार्च जास्त ठेवा.
४. कागद आधी जास्त तापवा आणि मशीनचा वेग कमी करा.
५. खळीत पाणीरोधक रेझिन घाला. नाहीतर कागद टिकेल, पण साधी स्टार्चची खळ ओल लागून सुटेल.

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. कॉस्टिक हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

घरी करून बघा: ऑनलाइन ऑर्डरच्या बॉक्सवर पाण्याचा थेंब टाका आणि स्टॉपवॉच लावा. थेंब जितका उशिरा मुरेल, तितका तो कागद चिकटवणं अवघड!